मीठ नको, हिरडा हवा

प्रश्न : मावशी, कांद्याच्या सालपटांत मी पांढरी सुती ओढणी रंगवली. तांबूस-सोनेरी रंग इतका सुरेख आला होता! पण पहिल्याच धुण्यात बादलीभर पाणी पिवळं झालं आणि ओढणी फिकी पडली. रंग पक्का व्हावा म्हणून उकळताना मूठभर मीठ आणि व्हिनेगरही घातलं होतं. चुकलं कुठं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अगं, सालपटांचा काही दोष नाही. कापड तयार न करताच तू ते रंगात घातलंस. मीठ-व्हिनेगरचं मला नेहमी कुणी ना कुणी विचारतं. बाजारच्या पुडीचे काही रंग सुतावर चढवायला मीठ लागतं, लोकर-रेशमाच्या काही रंगांना आंबट लागतं. कांद्याच्या रंगाला त्यांचा उपयोग नाही. त्याला तुरटी लागते. रेशीम, लोकर तुरटी सहज धरतात, सूत धरत नाही. म्हणून सुताला आधी हिरडा पाजायचा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्याचा तुरट अंश, सुतात मुरतं, त्याला तुरटी धरते आणि तुरटीला रंग.

त्याच्याही आधी खळ काढायची. कोऱ्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाक आणि वाकून बघ. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, तर रंगही तसाच वर बसणार. लिटरभर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा घालून कापड तासभर उकळ. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातूनसुद्धा कधी कधी चहासारखं पाणी निघतं. पुन्हा थेंब टाक. टेकल्याबरोबर पसरून जिरला की कापड तयार.

ओढणी कोरडी असताना वजन कर. पाव किलो धरू. ५० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून ओढणी अर्धा तास त्यात खालीवर करत राहा. पिळून, न धुता वाळव. लोण्यासारखी पिवळसर दिसेल. मग ४० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून रात्रभर भिजव आणि सकाळी एकदाच हलकी खळबळून घे. सालपटंही पाव किलो लागतात. ती वजनाला इतकी हलकी की मोठी पिशवी भरते, पण कांद्याच्या जिल्ह्यात राहतो आपण, भाजीवाल्याकडे मागितली की मिळतात. तासभर उकळून गाळ, ओढणी मंद आचेवर पाऊण तास ठेव आणि त्याच पाण्यात निवू दे. सावलीत वाळव. पुढे रिठ्याच्या पाण्यात धू, सोड्याच्या साबणात नको.

भांडं स्टीलचं घे, हे विसरू नकोस. पहिल्या वर्षी मी हिरड्यातलं कापड लोखंडी घमेल्यात ठेवलं होतं. सकाळी पाहते तर जिथं जिथं घड्या घमेल्याला टेकल्या होत्या, तिथं तिथं काळेनिळे डाग. चार मीटर मलमल होती, फार वाईट वाटलं. हिरडा आणि लोखंड भेटले की काळा रंग होतो, हे त्या दिवशी कळलं ते कायमचं. राजस्थानातल्या बगरूचे छपाईवाले हाच काळा मुद्दाम करतात : गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवायचं, चिंचोक्याच्या पुडीनं दाट करायचं आणि हिरडा दिलेल्या कापडावर ठसा उठवायचा.

एक मात्र आधीच सांगते, कांद्याचा रंग उन्हानं हळूहळू उतरतो. रोज वापरायची ओढणी असेल तर डाळिंबाची सालं घे. सटाण्याकडून डाळिंबं येतात तेव्हा मी सालं वाळवून डबा भरून ठेवते. पिवळा जरा मातकट येतो, पण टिकतो जास्त.

प्रश्न : फॅब्रिक पेंटनं रंगवलेला कुडता धुताना रंगाचे पापुद्रे निघाले. काय करू?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : निघालेला रंग परत बसणार नाही, तेवढ्याच जागी पुन्हा रंगवा. रंगवण्याआधी खळ धुऊन काढा आणि थर पातळ द्या. पूर्ण दिवस वाळू द्या, मग उलट बाजूनं वाफ न सोडता इस्त्री फिरवा. त्यानंतर तीन-चार दिवस पाणी लावू नका.