संभाजीनगरला राहून ऑक्टोबर ते फेब्रुवारीत तीन-चार ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत) करायच्या असतील तर सरावाची आखणी कशी करावी?

आधी एकच मुख्य शर्यत ठरवा. बाकीच्या शर्यती सरावाचा भाग समजा आणि त्यांच्याआधी फक्त 3-4 दिवस व्यायाम हलका करा. मुख्य शर्यतीआधी मात्र 10 ते 14 दिवस सरावाचं अंतर जवळपास निम्म्यावर आणा. वेग तोच ठेवा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. प्रत्येक शर्यतीआधी दोन आठवडे आराम आणि नंतर एक आठवडा थकवा, मग सराव होतो कधी?

मुख्य तारखेपासून उलट मोजत 16 ते 20 आठवडे मागे या. तीन आठवडे भार वाढवा, चौथ्यात तिसऱ्याच्या साधारण 60 टक्केच करा. ऑलिंपिक अंतर म्हणजे 1.5 किमी पोहणं, 40 किमी सायकल, 10 किमी धावणं. त्यासाठी आठवड्याला 7-8 तास पुरतात. रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या 15-20 मिनिटं धावा, जड पायांची सवय होते.

चढासाठी दौलताबाद-खुलताबाद घाट उत्तम, पण उजाडताच जा. नंतर वेरूळच्या पर्यटकांच्या गाड्या वाढतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जोराचं धावणं टाळा आणि जलतरण तलावात पोहण्याचं तंत्र सुधारा. दर 6-8 हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोर पाहायची सवय तिथेच लावा. जायकवाडीत एकट्यानं उतरू नका, कृपा करून.