आपल्या घरची आमटी कोणती?

दुबईत राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे : "माझे माहेर पुण्याचे आणि सासर कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातले. मी केलेली आमटी यांना गोड लागते आणि यांनी केली की मला ठसका लागतो, म्हणून गेली काही वर्षे आम्ही दोन्हींच्या मधली एक आमटी करतो. परवा आठ वर्षांच्या मुलीने शाळेच्या कामासाठी विचारले, की आपल्या घरची आमटी कोणती, आणि आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही. आता काय करावे?"

ताई, सर्वप्रथम ती मधली आमटी बंद करावी. गोड्या मसाल्याची आमटी चिंच-गुळाच्या तोलावर उभी असते. तिच्यात कांदा-लसूण नसतो, आणि धने, तीळ, सुके खोबरे व दगडफूल भाजून आलेला तिचा मंद वास लसणापुढे टिकत नाही. उलट, कोल्हापूरकडे ज्याला नुसते 'चटणी' म्हणतात तो कांदा-लसूण मसाला तेलात परतल्यावर खुलतो, आणि त्यावर गुळाचा खडा पडला की त्याचा सगळा झणका उतरतो. दोन्ही एकत्र केल्याने दोन्ही घरांचा मान राखला असे तुम्हाला वाटत असेल, परंतु पानात त्यांपैकी एकही आमटी येत नाही. सोमवारी पुण्याची करावी, तिच्याबरोबर भात आणि वर साजूक तूप असावे; गुरुवारी कोल्हापूरची करावी आणि तिच्याबरोबर भाकरी थापावी. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर 'दोन' असे आहे, आणि शाळेच्या वहीत दोन लिहायला काहीच हरकत नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक प्रश्न आहे, की या दोहोंपैकी 'अस्सल मराठी' कोणती. तो प्रश्न मला मान्य नाही. मराठवाड्यातल्या घरात भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे येसर पाण्यात कालवून आमटी उकळते, खानदेशात काळ्या मसाल्याच्या रश्शात ऐन वेळी शेव पडते, सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरात मोड आलेले वाल एकेक करून सोलले जातात आणि नागपुरात हलबा कोष्टी समाजाचा सावजी रस्सा नाकातोंडातून पाणी काढतो. 'मराठी जेवण' असे एकच जेवण गावात कोणी जेवत नाही; ते नाव आपल्याला विमानातून उतरल्यावर लागते. परदेशातल्या आपल्या कार्यक्रमांमध्ये मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचे फदफदे आणि श्रीखंड असा पुणेरी लग्नाचा बेतच बहुधा दिसतो, आणि ज्यांच्या घरी सुकट किंवा मटणाचा रस्सा हे सणाचे जेवण आहे त्यांची मुले आपले जेवण सांगताना उगाचच आवाज खाली आणतात. कोणत्या समाजाचे काय हे नाव घेऊन सांगण्यात कमीपणा नाही. एकाचे ते सर्वांचे म्हणून वाढणे मात्र मला खटकते.

आता कामाचे. दोन्ही मसाले दोन वेगळ्या डब्यांत ठेवावेत आणि चिठ्ठीवर 'गोडा' किंवा 'चटणी' एवढेच न लिहिता कोणाच्या हातचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या वर्षीचा हे लिहावे. गावाकडे हा मसाला उन्हाळ्यात, मिरच्या कडक वाळल्यावर, कांडपावरून आणतात आणि वर्षभर पुरवतात, त्यामुळे वर्ष लिहिण्याला अर्थ आहे.

कृती विचारली की घरातील मोठी माणसे 'अंदाजाने' म्हणतात, आणि ते टाळण्यासाठी नसते, कारण त्यांच्या हाताला माहीत असलेले तोंडाला सांगता येत नाही. माझ्या आईला मी तीनदा विचारले आणि तिने तिन्ही वेळा वेगवेगळे आकडे सांगितले. शेवटी मी तिच्या स्वयंपाकाआधी मसाल्याचा, तिखटाचा, मिठाचा आणि गुळाचा डबा वजनकाट्यावर ठेवून आकडे लिहून घेतले, तिला तिच्या पद्धतीने आमटी करू दिली आणि नंतर तेच डबे पुन्हा तोलले. दोन्ही वजनांतील फरक म्हणजे तिचा अंदाज. पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा दोन्ही घरी हे करून पाहावे. डाळ किती शिजली होती आणि कोणत्या पातेल्यात, हेही टिपून ठेवावे. भाजण्याचे मात्र वजन होत नाही. खोबऱ्याचा रंग बदामी झाला की थांबायचे, की त्यापुढे आणखी थोडे जायचे, यात घराघरांत फरक असतो, आणि तो शेजारी उभे राहूनच कळतो. त्या वेळी मुलीला कढईजवळ उभे करावे.

एक इशारा तुमच्या गावासाठी म्हणून देतो. कांदा-लसूण मसाल्यात, आणि काही घरांच्या गोड्या मसाल्यातही, खसखस असते, अनारशांवर तर ती डोळ्यांना दिसते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणण्यास बंदी आहे. सासूबाईंनी प्रेमाने दिलेला डबा विमानतळावर तुम्हाला अडचणीत आणू शकतो, म्हणून तुमच्यासाठी कुटायच्या वाट्यातून खसखस वगळण्यास त्यांना आधीच सांगावे आणि तिच्या जागी तीळ थोडे वाढवण्यास सुचवावे. चवीत किंचित फरक पडेल.

सासूबाईंना हे सगळे विचारायचा संकोच वाटतो असेही तुम्ही लिहिले आहे. 'आई, आमटी कशी करायची?' असे विचारू नये, त्याला 'नेहमीसारखी' हेच उत्तर मिळते. 'यांच्या लहानपणी तुम्ही चटणीत खोबरे भाजून घालत होता का तळून?' असे विचारावे. फोन त्यांच्या चारच्या चहाला करावा, तेव्हा तुमच्याकडे अडीच वाजलेले असतात. आणि वही जवळ ठेवावी, कारण खोबऱ्यावरून गोष्ट सुरू झाली की मिरच्या कुठून आणायच्या आणि त्या वर्षी पाऊस कधी आला इथपर्यंत ती जाते.