टाकी धुऊनही शिडाच्या बोटीच्या केबिनमधील दुर्गंधी का जात नाही, आणि शौचालयाच्या नळ्या (होज) स्वतः बदलता येतात का?

आपली तीस फुटी बोट १९८० च्या दशकातली असून अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात असते, सांडपाण्याची टाकी आपण दोनदा धुतली, बिल्ज (बोटीच्या तळाशी पाणी साचणारी जागा) घासून काढली, आणि तरीही केबिनचे दार उघडताच वास येतो, असे आपण लिहिले आहे. माझी बोट त्याच वयाची आणि त्याच पाण्यातली आहे. तिच्या सगळ्या नळ्या मी स्वतः बदलल्या, म्हणून खात्रीने सांगतो की हे काम घरच्या घरी होते. मात्र दोष नळ्यांचाच आहे हे आधी ठरवून घ्यावे.

बरेच दिवस बोट बंद राहिल्यावर पहिल्याच फ्लशला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि नंतर तो ओसरत असेल, तर तो मैल्याचा नाही. समुद्राचे पाणी आत आणणाऱ्या नळीत अडकून राहिलेले सूक्ष्म जीव मरून कुजतात, त्याचा तो वास असतो. दुसरे म्हणजे, टाकीची हवा बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे का ते पाहावे, कारण टाकीत हवा खेळली नाही की प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू माजतात आणि दुर्गंधी तेच निर्माण करतात. ही दोन्ही कारणे नसतील, तर स्वच्छ कापड गरम पाण्यात भिजवून पिळावे, मैल्याच्या नळीभोवती गुंडाळावे आणि थंड झाल्यावर बोटीबाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगावे. कापडाला वास लागला असेल तर नळीची भिंतच वास पाझरू देते आहे असे समजावे; अशी नळी आतून कितीही धुतली तरी सुधारत नाही.

नळी वयाने जीर्ण होते हे खरे, पण तिचा घात मुख्यतः आत साचून राहणारा मैला करतो. दीड इंची, म्हणजे ३८ मिलीमीटर व्यासाच्या नळीच्या एका मीटरमध्ये १.१ लिटरहून थोडे अधिक पाणी मावते. शौचालयापासून टाकीपर्यंत तीन मीटर नळी असेल, तर सव्वातीन लिटरहून अधिक पाणी ढकलल्याशिवाय मैला टाकीत पोचतच नाही, आणि वाटेत जिथे नळी खाली लोंबते तिथे तो कायमचा मुक्काम करतो. म्हणून महागडी नळी जुन्याच वेड्यावाकड्या मार्गाने बसवण्यापेक्षा मार्ग आखूड करणे आणि झोळ काढून टाकणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मार्गाचा विचार करताना टाकी आणि समुद्र यांच्यात दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचाही विचार करावा. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडण्यास मनाई आहे आणि तो व्हॉल्व्ह बंद स्थितीत जखडून ठेवावा लागतो. आपण उपसागर सोडून महासागरात जाणारच नसाल, तर तो व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढची नळी काढून शौचालय थेट टाकीला जोडावे. मी तसेच केले आणि त्यामुळे गळण्याचे तीन सांधे कमी झाले.

नळी घेताना ती सांडपाण्यासाठीच बनवलेली आहे याची खात्री करावी. बिल्जची पन्हळी, स्वस्त नळी इथे अजिबात चालत नाही. लांबी जुन्या नळीवरून न मोजता ठरवलेल्या मार्गावर दोरी टाकून मोजावी आणि मध्ये जोड न देता सलग तुकडा घ्यावा. क्लिपा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात आणि त्यांचे स्क्रूही लोहचुंबक लावून तपासावेत, कारण पट्टी चांगली आणि स्क्रू साधा, असा प्रकार पुष्कळदा आढळतो.

खरा वेळ जुनी नळी काढण्यात जातो. मी अर्धा दिवस धरला होता, प्रत्यक्षात दीड दिवस लागला. आधी टाकी उपसून घ्यावी, गोडे पाणी दोन-तीनदा फिरवावे, सगळ्या खिडक्या आणि झाकणे उघडावीत, हातमोजे आणि चष्मा घालावा. टाकीतला वायू विषारी असतो, त्यामुळे हे काम एकट्याने करू नये. पाणरेषेखालच्या सीकॉकवरची (बोटीच्या तळातून समुद्राचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेवरची) नळी काढायची असेल तर बोट जमिनीवर घेतलेली असतानाच काढावी, असा माझा आग्रह आहे, कारण जुना सीकॉक बंद दिसला तरी पूर्ण बंद असतोच असे नाही. घट्ट बसलेली नळी ओढून किंवा पिळून काढू पाहू नये, त्यात खालचा प्लास्टिकचा तोंडा, म्हणजे नळी ज्यावर चढवलेली असते ती तोटी, मोडतो. त्याऐवजी टोकाला धारदार चाकूने लांबीच्या दिशेने, आतल्या तोंड्याला चरा न पाडता, चीर द्यावी आणि नळी सोलून काढावी. माझ्या नळीत लघवी आणि खारे पाणी यांच्या संयोगाने बनलेल्या क्षारांचा इतका जाड थर होता की दीड इंचाच्या जागी जेमतेम अंगठा आत जात होता. पंप जड जाण्याचे कारण तेव्हा उमगले.

नवीन नळीचे टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ करावे आणि तोंड्याला भांडी घासण्याचा साबण किंवा ग्लिसरीन लावावे. ग्रीस किंवा सिलिकॉन लावू नये. तोंडा पुरेसा लांब असेल तर दोन क्लिपा, स्क्रू परस्परविरुद्ध दिशांना ठेवून, बसवाव्यात.

नळीची उंच कमान आणि तिच्या माथ्यावरची हवेची झडप यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. बोट कितीही कलली तरी कमानीचा माथा पाणरेषेच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर वक्रनलिकेच्या तत्त्वाने समुद्र शौचालयातून आत येतो आणि बोट बुडू शकते. पाणी आत आणणाऱ्या बाजूची कमान पंप आणि भांडे यांच्या मध्ये असावी. सीकॉक आणि पंप यांच्या मध्ये ठेवली तर झडपेतून हवा शिरून पंप पाणी ओढत नाही.

सगळे जोडून झाल्यावर प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू कागद ठेवून भरपूर गोडे पाणी पंप करावे, कागद तासाभराने पाहावेत आणि आठवड्याने नळी बसल्यावर सर्व क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात.