वाचकांचे प्रश्न: डोंगरावरच्या गावात संसार हलवताना

प्रश्न : आम्ही पुण्यात स्वतःच्या सदनिकेत राहतो. माझे वय ३४, पत्नीचे ३२. मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी दीड वर्षाची आहे. माझी आईही आमच्याकडेच असते. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम घरून करतो. पत्नी बी.एड. आहे आणि मुलीच्या जन्मापूर्वी खाजगी शाळेत गणित शिकवत होती. मुलाला धुळीमुळे वारंवार दम लागतो. सदनिका विकून, कर्ज फेडून, उरलेल्या पैशांत पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात थोडी जमीन घ्यावी, घर बांधावे आणि दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात, असा विचार आहे. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात यावे लागेल, असे कंपनीने तोंडी सांगितले आहे. तिकडे नोकऱ्या नाहीत, असे सगळेच म्हणतात. आम्ही जावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण जरूर जावे असे मला वाटते, मात्र आपण लिहिलेल्या क्रमाने नव्हे. सदनिका विकणे ही आपल्या योजनेतील पहिली पायरी आहे. ती शेवटची असायला हवी.

आधी पोटापाण्याचे पाहू. पाचगणी आणि महाबळेश्वर या दोन्ही शहरांची मिळून लोकसंख्या २०११च्या जनगणनेत तीस हजारांच्या आत होती. इतक्या लहान वस्तीत उत्पन्नाचे मार्ग मोजकेच असतात: पर्यटन, स्ट्रॉबेरी व तिच्यावरील प्रक्रिया, आणि पाचगणीच्या निवासी शाळा. पर्यटनाचा पैसा एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळ अशा मोजक्या आठवड्यांत येतो. स्ट्रॉबेरीचा हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बारा महिने पगार देणारी गोष्ट म्हणजे शाळा, आणि म्हणूनच आपल्या घरातील सर्वांत भक्कम आधार आपली नोकरी नसून आपल्या पत्नीची बी.एड.ची पदवी आहे, हे मी आग्रहाने सांगेन. पाचगणीत इंग्रजांच्या काळापासून शाळा आहेत. संजीवन विद्यालय १९२२ पासून चालू आहे आणि त्याशिवायही बऱ्याच निवासी शाळा तेथे आहेत. गणित शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीने या शाळांकडे जानेवारीपासूनच अर्ज करावेत, कारण पुढील वर्षाच्या जागा त्या सुमारास ठरू लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतील नेमणुका राज्य सरकारच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमार्फत होत असल्याने तेथे गाव आपल्या मनासारखे मिळेलच असे नाही, म्हणून त्या मार्गावर हे स्थलांतर बेतू नये.

निवासी शाळेतील नोकरी म्हणजे दहा ते पाचची नोकरी नव्हे, हेही पत्नीने समजून घ्यावे. संध्याकाळच्या अभ्यासिकेवर देखरेख, रविवारची जबाबदारी, सहलींना सोबत जाणे हे कामाचाच भाग असते. राहण्याची जागा मिळते का, स्वतःच्या मुलाला दिवसाच्या शाळेत प्रवेश व शुल्कात सवलत मिळते का, आणि दीड वर्षाच्या मुलीला सांभाळण्याची काय सोय आहे, या तिन्ही गोष्टी नेमणुकीपूर्वी विचारून पत्रात लिहून घ्याव्यात. शाळेची जागा मिळाली तर भाड्याचा मोठा प्रश्न मिटतो आणि आपल्याला त्या गावाची ओळख आतून होते, ती पर्यटक म्हणून कधीही होत नाही.

आता आपल्या नोकरीविषयी. पाचगणी पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि वाटेत खंबाटकी व पसरणी असे दोन घाट आहेत. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जाणे म्हणजे प्रत्यक्षात सोमवार ते बुधवार पुण्यात मुक्काम करणे होय. ज्या स्थलांतराचा हेतू कुटुंब एकत्र आणि मोकळ्या हवेत असावे हा आहे, त्याच स्थलांतरामुळे जुलैच्या पावसात आपली पत्नी दोन लहान मुले, वृद्ध सासूबाई आणि नवी नोकरी घेऊन अर्धा आठवडा एकटी असेल. हे चित्र दोघांनी एकत्र बसून स्पष्टपणे पाहावे. कंपनीकडून कायम घरून काम करण्याची लेखी परवानगी मिळत असेल तर ती आधी मिळवावी. मिळत नसेल तर आपल्या पगाराशिवाय घर चालेल का, याचा हिशेब मांडावा. महिन्याच्या अंदाजपत्रकाने येथे फसगत होते, म्हणून वर्षाचा आराखडा करावा आणि त्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या रकान्यात पर्यटनाचे उत्पन्न जवळजवळ शून्य धरावे.

मुलाच्या श्वासाबद्दल मला आपली काळजी कळते, आणि म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. पाचगणीची कोरडी, थंड हवा क्षयरोग्यांसाठी उपकारक मानली गेली आणि तेथे आरोग्यधामे उभी राहिली, हा इतिहास खरा आहे. परंतु ती कीर्ती मुख्यतः पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांची आहे. पावसाळ्यात या पट्ट्यातील घरांच्या भिंती, गाद्या, कपाटातील कपडे ओलसर राहतात व त्यांवर बुरशी धरते, आणि दम्याच्या मुलाला बुरशी धुळीइतकीच बाधू शकते. मुलाला नेमके कशाने बाधते, याची तपासणी बालरोगतज्ज्ञांकडून करून घेतल्याशिवाय हवापालट हाच उपाय आहे असे धरू नये. रात्री दम वाढल्यास वाई किंवा साताऱ्याला जाण्याची वेळ येऊ शकते, आणि घाटात दरड आली तर तो मार्गही अडतो. २२ जुलै २०२१ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाची मोठी हानी झाली. असा दिवस क्वचितच येतो, तथापि घरात आजारी पडणारे मूल असताना त्याचा विचार करूनच घर निवडावे लागते.

यातूनच कोणते गाव निवडावे, हा प्रश्न येतो. आपण पाचगणी-महाबळेश्वर असे एकत्र लिहिले आहे, परंतु राहणाऱ्यासाठी ही दोन वेगळी गावे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून अठरा-वीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि घाटाच्या पायथ्याच्या वाईत आणखी कितीतरी कमी. वाईपासून पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर आहे. कृष्णाकाठच्या या गावात बाजारपेठ, दवाखाने, मराठी शाळा, महाविद्यालय सारे आहे आणि भाडीही वरच्यापेक्षा आवाक्यात असतात. शाळेने राहण्याची जागा न दिल्यास वाईत राहून पसरणी घाटाने ये-जा करणे, हा आपल्यासारख्या कुटुंबासाठी मला सर्वांत शहाणपणाचा पर्याय वाटतो. आईंच्या दृष्टीनेही तो सोयीचा ठरेल.

जमिनीच्या बाबतीत मात्र माझे उत्तर सध्या ठाम नकाराचे आहे. महाराष्ट्रात १९४८च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्या किंवा वडिलांच्या नावावर सातबारा आहे का, ते प्रथम पाहावे. त्याशिवाय हा परिसर केंद्र सरकारने जानेवारी २००१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला असून जमिनीचा वापर बदलणे, झाडे तोडणे, बांधकाम करणे यांवर कडक बंधने आहेत. महाबळेश्वरमध्ये तर कित्येक जुन्या मिळकती सरकारी भाडेपट्ट्यावरच्या आहेत. ‘आधी बांधा, परवानगी नंतर पाहू’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. अनधिकृत बांधकामे पाडण्याची कारवाई या भागात झालेली आहे, आणि अशा घरात ज्यांची आयुष्यभराची पुंजी अडकते ती बहुधा बाहेरून आलेली कुटुंबेच असतात, हे मी मनापासून सांगतो.

तेव्हा सदनिका भाड्याने द्यावी, त्या भाड्यातून हप्त्याचा काही भार उचलावा आणि वाई किंवा पाचगणीत अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्यावे. हा करार जूनमध्ये सुरू व्हावा. एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाला हे गाव आवडतेच. ऑगस्टमध्ये, वीज गेलेली, इंटरनेटची तार पडलेल्या झाडाखाली तुटलेली आणि मुले आठवडाभर घरात कोंडलेली असताना ते आवडते का, हे कळायला हवे. एक पावसाळा काढल्यावर पत्नीची नोकरी रुळली असेल आणि मुलाची तब्येत सुधारलेली दिसत असेल, तर खोल्या भाड्याने देण्याचा विचार पुन्हा करावा. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत रीतसर नोंदणी करून तो व्यवसाय करता येतो. पत्नीच्या नावे व्यवसाय सुरू करायचा असल्यास महिलांसाठीच्या ‘आई’ पर्यटन धोरणातील कर्जाच्या व्याजपरताव्याची चौकशीही करावी.

प्रश्न : आमचे मूळ गाव महाबळेश्वर तालुक्यात आहे. पती वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार आहेत. त्यांची पाठ आता दुखू लागली आहे. गावी सासऱ्यांच्या नावे वीस गुंठे जमीन आहे. मुले दुसरीत आणि अंगणवाडीत आहेत. गावी परत जाऊन स्ट्रॉबेरी करावी असे आम्हा दोघांनाही वाटते, पण गावातील तरुण मुंबईला येत असताना आपण उलटे जाणे वेडेपणाचे ठरेल का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : अजिबात नाही, ताई. पहिल्या पत्रातील कुटुंबाला जे मिळवायला वर्षे लागतील, ते आपल्याकडे आधीच आहे: सातबारा, राहते घर आणि पावसाची सवय असलेली माणसे.

तरीही वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, आणि स्ट्रॉबेरी हे खर्चिक पीक आहे. मातृरोपांपासून तयार केलेली रोपे, गादीवाफे, वाफे झाकण्याचा मल्चिंगचा कागद, ठिबक सिंचन, मजुरी आणि डबे हा सगळा खर्च पावसाळा सरताना लागवडीच्या वेळी एकदम करावा लागतो, तर पहिला पैसा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिसतो. मधल्या काळात अवकाळी पाऊस आला तर फळ कुजते, आणि जंगलालगतच्या शेतात गवे व रानडुकरे शिरतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाचा लाभ सर्वांत जास्त होतो तो रस्त्यालगत किंवा थेट ग्राहकाला विकणाऱ्या शेतकऱ्याला. आपले शेत रस्त्यापासून आत असेल, तर गावातील शेतकऱ्यांसोबत माल एकत्र करून पाठवण्याची व्यवस्था आधी पाहावी. पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांहून अधिक लागवड करू नये.

जोडीला मधमाश्या पाळण्याचा विचार जरूर करावा. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या व प्रशिक्षण यांची माहिती तेथे मिळते. आपल्याच तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथील एखाद्या पाळणाऱ्याकडे एक दिवस घालवला तर पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी कळतील. या कामात पाठीवर ओझे येत नाही, हाही आपल्या घरासाठी मोठा विचार आहे.

पतींनी माथाडी कामगारांच्या टोळीतील, म्हणजे नोंदणीकृत गटातील, जागा मात्र घाईने सोडू नये. १९६९च्या माथाडी कायद्याने मिळालेली माथाडी मंडळातील नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) हे त्यांच्या घामाचे आहे. किती वर्षांची नोंद झाली आहे, आता सोडल्यास काय मिळेल आणि आणखी काही काळ थांबल्यास काय, हे मंडळाच्या कार्यालयात जाऊन लेखी घ्यावे. त्यांनी लागवडीच्या व तोडणीच्या वेळी सुट्टी काढून गावी यावे आणि एक हंगाम सासऱ्यांच्या मदतीने करून पाहावा. दरम्यान, गावची शाळा कितवीपर्यंत आहे, पुढच्या वर्गांसाठी मुलांना किती लांब जावे लागेल आणि पावसाळ्यात एस.टी. नियमित येते का, याची चौकशी आपण स्वतः करावी. मोठ्या मुलाचा दाखला त्यानंतरच काढावा.