पन्हाळ्याच्या उतारावर डोंगरात अर्धं घुसवलेलं, वीज-नळ जोडणीशिवायचं घर बांधायचंय. सुरुवात कशापासून करू?

पाण्यापासून, पण साठवायच्या नव्हे, भिंतीमागच्या. अशी घरं बिघडतात ती बहुतेक इथेच. पावसाळ्यात मागची माती चिंब होते, पाण्याचा दाब भिंतीवर येतो आणि आत ओल फुटते. आतून कितीही वॉटरप्रूफिंग करा, दाब ते ढकलून पापुद्रे काढतो. लेप बाहेरच्या, मातीकडच्या अंगालाच हवा.

मातीत गाडली जाणारी भिंत आरसीसीची घ्या. जांभा पाणी पितो, तो उघड्या भिंतींना ठेवा. भिंतीमागे ३० सेंमी रुंद खडीचा थर, खडी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइल कापड (नाहीतर दोन-चार पावसाळ्यांत गाळ भरून खडी निकामी), पायाशी १०० मिमीचा भोकं पाडलेला पाइप, १०० फुटांना १ फूट उतार देऊन उघड्यावर काढलेला. वरच्या ३० सेंमीत चिकणमाती ठोकून बसवा. घराच्या वरच्या अंगाला चर हवाच.

पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पूर्व उतार निवडा आणि दर्शनी बाजू आग्नेयेला ठेवा.

सोलरचा हिशेब मार्चचा नको, जुलैचा करा. ३ किलोवॅटची पॅनेलं उन्हाळ्यात रोज १२ युनिटच्या आसपास देतात, दाट ढगांत ३सुद्धा मुश्किलीने. फ्रिज, दिवे, पंखे, छोटा पंप एवढंच त्यावर चालवा, गिझर नको.

पिण्या-वापराला चौघांना रोज ४०० लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे ४८,००० लिटर लागतात. टाकी ५०,००० लिटरची, झाकणबंद.