पहिलं कागदी फुलपाखरू करताय?

ताई, लगेच महागडा ओरिगामी कागद घेऊ नका. सांगलीत मारुती रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात घोटीव कागद मिळतो, तो पुरे. 15 सेंमीचा चौकोन कापा. चारही बाजू खरोखर सारख्या हव्यात, नाहीतर पंख तिरके झालेच म्हणून समजा.

रंगीत बाजू खाली ठेवून दोन्ही कर्ण दुमडा, उघडा. पालथा करून मधोमध आडवी घडी घाला, उघडा. सुलटा करून दोन्ही बाजू आत ढकलल्या की त्रिकोण आपसूक बसतो. टोक खाली ठेवा आणि वरच्या थराचे दोन्ही कोपरे त्या टोकाला आणा.

खरी गंमत पुढे. पालथा करून खालचं टोक वरच्या कडेच्या जरासं बाहेर काढा. इथे कागद ताणतो, फुगतो, फाटेल असं वाटतं. घाबरून सगळं दाबून सपाट करू नका! टोक कडेवरून पलीकडे वळवून तेवढंच नखाने दाबा. पंखांना उठाव येतो तो त्या फुगवट्यामुळेच. मग मधोमध हलकी चिमटी.

काळ्या कागदावर निळा खडू फिरवलात तर ब्ल्यू मॉर्मन, 2015 पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू! मी मालिका बघतच करते. पंखा मात्र बंद ठेवा.