‘४५ गुणसूत्रं’ असा रिपोर्ट आलेल्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. दोन गर्भपात, मग दोघांच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी. नवऱ्याचा रिपोर्ट ४६, नॉर्मल. तुमच्या रिपोर्टवर ‘४५, एक्सएक्स’ (म्हणजे ४५ गुणसूत्रं, स्त्री), पुढे ‘रॉब’ (म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेलीत) आणि कंसात १४ आणि २१, म्हणजे ती कुठली दोन. ‘मुलं होणार नाहीत’ असंही तुम्हाला कुणी सांगितलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एक गुणसूत्र कमी असून मी ठणठणीत कशी? मूल होईल का, आणि झालं तर जोडलेल्यामुळे त्याच्यात माझं काही उतरेल का? आणि तिसरं, हे धाकट्या बहिणीला सांगायचं का?

माझा रिपोर्ट अक्षर न् अक्षर हाच आहे. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेवढंच. खाली जे आकडे देतेय ते तुमच्या जनुकीय समुपदेशकाकडून तुमच्या रिपोर्टसकट तपासून घ्या. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले जनुकांचे धागे, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

आधी तुमच्या मनातला पहिला काटा काढते. तुमच्यात काहीही कमी नाही. १४ आणि २१ या दोन्ही गुणसूत्रांना एक बाजू अगदी आखूड असते. त्या आखूड तुकड्यावर पेशीतले रायबोसोम (प्रथिनं तयार करणारे कण) बनवायला लागणारी जनुकं असतात, आणि त्यांच्या भरपूर प्रती १३, १५ आणि २२ वरही असतात. तुमचं एक १४ आणि एक २१ आपापले आखूड तुकडे टाकून एकमेकांना जोडले गेलेत. दोन पुस्तकांची पुठ्ठ्याची पानं काढून दोन्ही एकाच बाइंडिंगमध्ये बांधावीत, तसं. मोजायला गेलं तर पुस्तक एक कमी भरतं, पण मजकुराचं पान एकही हरवलेलं नाही. आणि नुसत्या आकड्याचं म्हणाल, तर १९५६ पर्यंत माणसात ४८ गुणसूत्रं असतात असंच मानलं जायचं. त्या वर्षी जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट मोजून ४६ सांगितली. अशी जोडगुणसूत्रं साधारण हजारात एका माणसात असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही नसतो.

अडचण येते ती बीजांड तयार होताना. एरवी जोडीतली दोन गुणसूत्रं समोरासमोर येतात आणि दोन दिशांना जातात. आपल्यात तिथे तीन जमतात: सुटं १४, सुटं २१ आणि जोडलेलं. तिघांची वाटणी दोन दिशांना करायची म्हटलं की सहा तऱ्हा होतात. बीजांडात सुटं १४ आणि सुटं २१ गेलं तर बाळाची गुणसूत्रं अगदी नेहमीसारखी. फक्त जोडलेलं गेलं तर बाळ तुमच्या-माझ्यासारखं, ४५ वालं आणि निरोगी. जोडलेलं अधिक सुटं २१ गेलं तर २१ चा मजकूर तिप्पट होतो, म्हणजे डाऊन सिंड्रोम. उरलेल्या तिन्हींत १४ किंवा २१ पूर्ण कमी पडतं किंवा १४ जास्त होतं, आणि तो गर्भ टिकत नाही. तुमचे दोन गर्भपात बहुधा या शेवटच्या तिघांपैकी असावेत. ‘बहुधा’ म्हणते, कारण त्या वेळी तपासणी झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि इथेच माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं, म्हणून इथे थोडी थांबते.

माझा दुसरा गर्भपात नवव्या आठवड्यात झाला. गर्भपिशवी साफ केल्यावर नर्सने प्लास्टिकची एक छोटी पांढऱ्या झाकणाची बरणी दाखवली. आत पाण्यासारखं स्वच्छ द्रव होतं. झाकण नीट बसलं नव्हतं आणि नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास येत होता. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्यात ठेवलेले असायचे, तोच वास. फॉर्मॅलिन. मी विचारलं, “यातून कारण कळेल ना?” उत्तर आलं, “हो, सगळं कळतं.” मी मान हलवली आणि डोळे मिटले.

तीन आठवड्यांनी दीड ओळीचा रिपोर्ट आला: गर्भधारणेचे अवशेष आढळले, इतर काही विशेष नाही. म्हणजे मी गरोदर होते एवढंच त्यांनी मला लेखी कळवलं. तो कागद घेऊन प्रयोगशाळेत गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं की यावर गुणसूत्रांची तपासणी होत नाही, पेशी मेल्या आहेत. मग आधी का नाही विचारलंत? चिठ्ठीवर जे लिहिलं होतं ते आम्ही केलं, रुग्णालयाला विचारा. रुग्णालय म्हणालं, नमुना कशात ठेवायचा हे प्रयोगशाळा ठरवते. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी मी गेलेच नाही.

कारण साधं आहे. गुणसूत्रं सुट्टी-सुट्टी दिसतात ती पेशी विभाजनाच्या मध्यावर असताना, म्हणून पेशी जिवंत हवी. ती वाढवतात, नेमक्या क्षणी औषध घालून विभाजन थांबवतात, रंगवतात आणि मग मोजतात. फॉर्मॅलिनमध्ये पेशी जागच्या जागी मरते. ऊतकाचा आकार बघायला ते उत्तम, पण गुणसूत्रांसाठी नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या खास द्रवात, लवकरात लवकर पोचवावा लागतो. फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ठोकळ्यात गेलेल्या ऊतकातून डीएनए काढून काही तपासण्या कधी कधी जमतात, पण तेही मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

हे दरवर्षी फळ्यावर शिकवणारी बाई मी. वाटाण्याचे चौकोन काढायचे, १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेलचा निबंध छापला आणि १९०० पर्यंत त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही हे सांगायचं, विभाजनाच्या अवस्था मुलांकडून पाठ करून घ्यायच्या. आणि तो वास नाकात गेला तेव्हा मला एक शब्द सुचला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

पण खरी चूक बरणीची नव्हती, हे कळायला मला आणखी चौदा महिने आणि तिसरा गर्भपात लागला. नमुना गेला म्हणजे कारण गेलं असं मी धरून बसले होते. ‘योगायोग असतो, पुन्हा प्रयत्न करा’ हे ऐकलं आणि ऐकून घेतलं. उत्तर तर सगळा वेळ माझ्याच रक्तात होतं. कुठल्याही दिवशी दोघांचं थोडंसं रक्त दिलं असतं तरी ते सापडलं असतं. तिसऱ्या वेळी नमुना सलाइनमध्ये गेला, त्यात जास्तीचं १४ निघालं, तेही जोडलेल्या रूपात, आणि मग त्यांनी आमचं दोघांचं रक्त मागितलं. तुम्ही ते दोन गर्भपातांनंतरच करून घेतलंत. तुम्ही माझ्या कितीतरी पुढे आहात, हे मनापासून सांगते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, नाहीतर उगाच घाबराल. सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांची गडबड असते, पण ती बहुतेकदा त्या एका बीजांडापुरती असते, आईवडिलांकडून आलेली नसते. पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतही शंभरात तीन ते पाच जोडप्यांत कुणीतरी एक वाहक निघतो, म्हणजे स्वतः निरोगी पण गुणसूत्रांची बांधणी वेगळी असलेला.

आता मूल होईल का. तुम्हाला ‘मुलं होणार नाहीत’ असं ज्याने सांगितलं त्याने रिपोर्ट नीट वाचलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा तऱ्हा आहेत म्हणून प्रत्येकीचा वाटा सहावा, असंही नसतं. १४ आणि २१ ची जोड आईत असेल तर गर्भजल तपासणीच्या वेळी डाऊन सिंड्रोम सापडण्याचं प्रमाण साधारण १० ते १५ टक्के धरतात. तीच जोड वडिलांत असेल तर एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे गर्भ तेवढे आठवडे टिकला, तर तो निरोगी असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. हा हिशोब दर वेळी नव्याने सुरू होतो. दोनदा वाईट झालं म्हणून आता चांगल्याची पाळी आहे असं नसतं, आणि तिसऱ्यांदाही वाईटच होणार असंही नसतं. (कुणाच्या रिपोर्टवर २१ आणि २१ ची जोड असेल तर यातलं काही लागू नाही. तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाऊन सिंड्रोम असतो. त्यांनी समुपदेशकाशी वेगळं बोलावं.)

गर्भ राहिल्यावर खात्री करायची तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलातून तपासता येतं. प्रयोगशाळेत फलन करून आधीच गर्भाच्या पेशी तपासण्याचा मार्गही आहे. तो शरीराला आणि मनाला फार थकवतो. आम्ही तो घेतला नाही, पण ज्यांनी घेतला त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी चाचणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. आपल्यासारख्यांनी तिच्यावरच थांबू नये असं मला वाटतं.

आणखी एक, कारण यात बरेच जण फसतात. मायक्रोअ‍ॅरे ही चाचणी नवी आहे, बारीक बघते, म्हणून नवरा-बायकोची तीच करा असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. ती मजकूर कमी आहे की जास्त एवढं सांगते. आपल्यात मजकूर पूर्ण आहे, फक्त बांधणी वेगळी. अ‍ॅरेमध्ये तुम्ही आणि मी दोघी ‘नॉर्मल’ येऊ. जोड दिसते ती जुन्या पद्धतीच्या कॅरियोटाइपमध्ये, म्हणजे पेशी वाढवून, रंगवून गुणसूत्रं मोजण्याच्या तपासणीत. आणि रिपोर्टबरोबर गुणसूत्रांचा तो फोटोही मागून घ्या. माझ्या फोटोत १४ च्या जागी एक गुणसूत्र नेहमीचं आणि शेजारचं डोक्यावर दुसरं घेऊन उभं असल्यासारखं उंच. २१ च्या जागी एकटं एक. तो फोटो बघितला आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

मुलात तुमचं काही उतरेल का, असं विचारताना तुम्ही ‘जोडलेल्यामुळे’ असं लिहिलंय. डोळे, केस, आवाज, उंची हे सगळं इतर कुठल्याही आईकडून येतं तसंच तुमच्याकडून येईल. जनुकं तीच आहेत. फरक एकच. एरवी १४ वरची जनुकं आणि २१ वरची जनुकं एकमेकांशी संबंध न ठेवता पुढच्या पिढीत जातात. आपल्या जोडलेल्या गुणसूत्रावर ती एकत्र प्रवास करतात. मेंडेलचा स्वतंत्र वाटणीचा नियम तेवढ्यापुरता तिथे लागू पडत नाही. माझ्या बाबांचं रक्त नंतर तपासलं तेव्हा तेही ४५ निघाले. सत्तरी ओलांडलेला, कधी आजारी न पडलेला माणूस. गर्भजल तपासणीत माझी मुलगीही ४५ निघाली. म्हणजे बाबांचं ते गुणसूत्र तीन पिढ्या जोडीनेच चालत आलंय, वाटेत थोडी अदलाबदल झाली असेल तेवढीच.

म्हणूनच ‘दोष कुणाचा’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका, कुणीही विचारला तरी. जोडलेलं गुणसूत्र तुमच्यात तुमच्या पहिल्या पेशीपासून आहे. तुम्ही काय उचललंत, किती दगदग केलीत, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मला हे समुपदेशकांनी चारदा सांगावं लागलं. पाचव्यांदा माझ्या नवऱ्याने सांगितलं तेव्हा पटलं.

आता बहीण. सांगा, आणि तिने मुलाचा विचार करण्याआधी सांगा. पण त्याआधी आईबाबांचं रक्त तपासून घ्या. दोघांपैकी एक वाहक असेल तर तिच्यातही ही जोड असण्याची शक्यता साधारण निम्मी. दोघंही ४६ निघाले तर जोड बहुतेक तुमच्यातच नव्याने झाली आणि बहिणीची काळजी जवळजवळ मिटली. तोंडी सांगून सोडू नका, तुमच्या रिपोर्टची प्रत तिच्या हातात द्या. कुठल्या जोडीकडे बघायचं हे प्रयोगशाळेला आधी कळलेलं बरं असतं. रक्त घेताना नळी हेपारिनची (रक्त गोठू न देणारं, पण पेशी जिवंत ठेवू देणारं औषध) आहे का ते तिने तिथेच विचारावं. तिचं झाकण बहुधा हिरवं असतं. जांभळ्या झाकणाची नळी पुढे केली तर हात मागे घ्यावा, कारण ती पेशी वाढवायच्या तपासणीसाठी नसते, आणि चिठ्ठीवर ‘कॅरियोटाइप’ लिहिलंय का ते आधी बघायला सांगावं. माझ्या बहिणीबरोबर मी स्वतः गेले होते. पहिली नळी जांभळीच निघाली.

तिचा रिपोर्ट ४६ आला.

तुमचे आईबाबा तयार होत नसतील तर लिहा. बाबांना मी कसं तयार केलं ते सविस्तर सांगते.